तोर्निओ आणि हापारांडा : एका तासाच्या अंतरावरची दोन गावं, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बॉथनियाच्या आखाताच्या अगदी वरच्या टोकाला, तोर्ने नदी समुद्राला मिळते तिथे दोन गावं एकमेकांना चिकटून आहेत. पूर्वेचं तोर्निओ फिनलंडमध्ये, पश्चिमेचं हापारांडा स्वीडनमध्ये. तोर्निओच्या मॉलमधून निघून हापारांडाच्या आयकियात चालत जाता येतं, वाटेत फाटक नाही, शिक्का नाही, रांग नाही. बदलतं ते फक्त घड्याळ. फिनलंडमध्ये दुपारचे बारा वाजलेले असतात तेव्हा स्वीडनमध्ये अकरा.

फिनलंडमधल्या ओउलू किंवा स्वीडनमधल्या लुलेओला शिकायला, नोकरीला आलेली मराठी मंडळी एखाद्या शनिवारी इकडे येतातच, कारण ही जोडी दोन्ही शहरांपासून साधारण दोन तासांच्या टप्प्यात पडते. "एक तासाचाच तर फरक, त्यात काय समजून घ्यायचं?" असं निघताना वाटतं. ठरवून गेलं नाही तर हाच एक तास बस चुकवतो, दुकानाचं दार बंद दाखवतो आणि जेवणाची वेळही हुकवतो. म्हणून जायच्या आधी काय करायचं ते क्रमाने सांगतो.

१. कागदपत्रं आधी

दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातली सीमा-तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे शेंगेन व्हिसावर आलेल्या पाहुण्याला सीमा ओलांडायला वेगळं काही लागत नाही. एका देशाचा निवास परवाना असेल तर दुसऱ्या देशात १८० दिवसांतले ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. पण फिरणं वेगळं आणि काम करणं वेगळं. फिनलंडच्या परवान्यावर हापारांडात नोकरी धरता येत नाही, आणि उलटही नाही. इथले स्थानिक एका गावात राहून दुसऱ्यात कामाला जातात हे पाहून आपल्यालाही जमेल असं कुणी धरून चालू नये. ती सोय नॉर्डिक आणि युरोपीय नागरिकांची आहे.

पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड खिशात ठेवाच. कस्टमचे लोक अधूनमधून गाड्या थांबवतात. शिवाय ही सीमा कायम अशीच मोकळी राहील, असंही नाही. २०२० च्या वसंतात कोविडमुळे फिनलंडने सीमा बंद केली, तेव्हा दोन गावांच्या मधल्या व्हिक्टोरिया चौकात कुंपण उभं राहिलं होतं आणि घरची माणसं कुंपणाच्या दोन बाजूंना उभी राहून बोलत होती.

२. फोनला स्वतःचं डोकं चालवू देऊ नका

ही पायरी वगळू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. फोन वेळ घेतो मोबाइलच्या मनोऱ्याकडून, आणि मनोऱ्याला सीमा कळत नाही. तोर्निओच्या हॉटेलच्या खोलीत तुम्ही झोपलेले असता आणि फोन मात्र स्वीडनचं सिग्नल पकडून बसतो. सकाळी सातचा गजर मग स्वीडनच्या सातला वाजतो, म्हणजे फिनलंडच्या आठला. नाश्ता आवरत आलेला असतो. हापारांडात राहिलात तर उलटं, गजर एक तास आधीच उठवतो.

उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये जाऊन 'आपोआप वेळ' बंद करा आणि मुक्काम तोर्निओत असेल तर हेलसिंकी, हापारांडात असेल तर स्टॉकहोम निवडून ठेवा. जागतिक घड्याळात दुसरं शहर आणि मुंबई अशी आणखी दोन घड्याळं लावून टाका. कॅलेंडरमध्ये भेट नोंदवताना तिथला टाइमझोनही नोंदवा, नुसतं "३ वाजता" लिहिलं तर फोनने पलटी मारली की भेटही सरकते. मनगटावर साधं काट्याचं घड्याळ असेल तर फारच उत्तम. रोमिंगच्या बिलाची काळजी करू नका. युरोपीय कार्ड असेल तर दोन्हीकडे घरचाच दर लागतो.

३. वेळ विचारताना देश विचारा

इथले लोक वेळ सांगताना देश जोडतात. फिनिशमध्ये 'सुओमेन आइकाआ' म्हणजे फिनलंडची वेळ, 'रुओत्सिन आइकाआ' म्हणजे स्वीडनची. स्वीडिशमध्ये 'फिन्स्क टीड' आणि 'स्वेन्स्क टीड'. एवढे चार शब्द पाठ केलेत तरी पुरे. कुणी नुसतं "चार वाजता भेटू" म्हणालं तर संकोच न करता विचारा, "कोणाचे चार?" इथे कुणालाही हा प्रश्न विचित्र वाटत नाही.

वेळापत्रकांचा नियम असा की छापलेली वेळ त्या त्या ठिकाणची असते. समजा लुलेओहून आलेली तुमची बस हापारांडात १३:४० ला पोचली आणि तोर्निओहून पुढे केमीला जाणारी बस १४:३० ची आहे. कागदावर पन्नास मिनिटं हाताशी दिसतात. प्रत्यक्षात स्वीडनच्या १३:४० ला फिनलंडमध्ये १४:४० झालेले असतात, म्हणजे बस दहा मिनिटांपूर्वीच गेली. उलट दिशेला मात्र फायदा. फिनलंडच्या १३:४० ला पोचलात आणि स्वीडनची बस १३:३० ची असेल तर हातपाय गाळू नका, तिथे अजून १२:४० च झालेत. पूर्वेला जाताना एक तास खर्ची पडतो, पश्चिमेला जाताना परत मिळतो. एवढं डोक्यात पक्कं बसवलं की बाकीचं जमतं.

भारताशी बोलायचं तर हिवाळ्यात तोर्निओ आपल्या साडेतीन तास मागे आणि हापारांडा साडेचार तास. उन्हाळ्यात अनुक्रमे अडीच आणि साडेतीन. मुंबईत रात्रीचे नऊ वाजले असतील तर डिसेंबरात तोर्निओत साडेपाच, हापारांडात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात तेव्हा दोन्ही देश एकाच क्षणी बदलतात (फिनलंडमध्ये मार्चात पहाटे ३ चे ४ होतात, त्याच क्षणी स्वीडनमध्ये २ चे ३), त्यामुळे आपसातला एक तास वर्षभर तसाच राहतो.

नेहमीच असं नव्हतं. स्वीडनने १९८० मध्ये उन्हाळी वेळ सुरू केली, फिनलंडने १९८१ मध्ये. त्यामुळे १९८० च्या उन्हाळ्यात दोन्ही गावांची घड्याळं चक्क सारखी चालत होती. त्याहून मागे, १९२१ पर्यंत फिनलंड हेलसिंकीच्या स्थानिक वेळेवर चालत होतं, तेव्हा फरक सुमारे चाळीस मिनिटांचा होता. पुढचंही सांगता येत नाही. घड्याळं मागेपुढे करणं बंद करावं असं युरोपीय संसदेने २०१९ मध्ये मतदान करून म्हटलं, पण तो निर्णय अडकून पडला आहे. उद्या प्रत्येक देशाने आपापल्या मर्जीने कायमची वेळ निवडली तर या दोन गावांतला फरक शून्यही होऊ शकतो आणि दोन तासही.

४. सूर्यावर विसंबू नका

सवयीने आपण आभाळाकडे पाहून वेळेचा अंदाज घेतो. इथे तो अंदाज चालत नाही. ही गावं ध्रुववृत्ताच्या थोडीच खाली, ६५ अंश ५१ मिनिटं अक्षांशावर आहेत. २१ डिसेंबरला दिवस जेमतेम तीन तासांचा. फिनलंडच्या घड्याळाने सूर्य अकराच्या सुमारास उगवतो आणि दोनच्या आत मावळतो. स्वीडनच्या घड्याळाने हेच दहा आणि एकच्या आत. ऊन एकच, पण हापारांडात जेवून बाहेर पडलात तर अंधार सुरू झालेला असतो. हिवाळ्यात फोटो काढायचे, जुनी घरं बघायची तर ते आधी उरका, खरेदी नंतर.

खरी गंमत अशी की दोन्हीपैकी एकही घड्याळ सूर्याशी जुळत नाही. रेखांशाचा हिशोब केला तर हिवाळ्यात इथली सरासरी मध्यान्ह फिनलंडच्या १२:२३ ला आणि स्वीडनच्या ११:२३ ला येते. म्हणजे फिनलंडचं घड्याळ सूर्याच्या तेवीस मिनिटं पुढे आणि स्वीडनचं सदतीस मिनिटं मागे. त्यातल्या त्यात तोर्निओ खऱ्याच्या जवळ. आणि १९२१ आधीची ती हेलसिंकीची वेळ तर इथल्या सूर्याला तीन-चार मिनिटांच्या फरकाने जुळत होती.

जूनमध्ये अंधारच होत नाही. २१ जूनच्या आसपास सूर्याची वरची कड मध्यरात्रीही क्षितिजावर राहते, आणि हेच पाहायला स्वीडनचा राजा अकरावा कार्ल १६९४ मध्ये तोर्निओत आला होता. पुढे १७३६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ मोपेर्त्युई आपली तुकडी घेऊन इथे उतरला. पृथ्वी ध्रुवांजवळ चपटी आहे का, हे मोजायला. तुकडीत अँडर्स सेल्सिअसही होता, तापमापकातला तोच. मोजणीचा एक बिंदू म्हणून त्यांनी तोर्निओच्या लाकडी चर्चचा कळस धरला. १६८६ मधलं ते चर्च आजही उभं आहे. आतलं रंगवलेलं छत चुकवू नका. हॉटेलच्या खोलीला जाड पडदे आहेत ना, एवढं मात्र जूनमध्ये आरक्षण करतानाच विचारा.

५. दोन गावांना एक समजू नका

पर्यटन पत्रकांवर 'हापारांडातोर्निओ' असं जोडनाव दिसतं. सहकार्य खरंच आहे, १९८७ पासून 'प्रोविन्सिया बोथनिएन्सिस' नावाची दोन्ही नगरपालिकांची संस्था चालते. सांडपाण्याचा प्रकल्प सामाईक आहे, बसस्थानक सामाईक आहे, हापारांडात दोन्ही बाजूंची मुलं एकत्र शिकतात अशी शाळाही आहे. तरीही स्वभाव दोन.

तोर्निओ थोरलं. १६२१ मध्ये, सगळा फिनलंड स्वीडनच्या राज्यात असताना, सुएनसारी बेटावर वसलेलं व्यापारी गाव. १८०९ मध्ये स्वीडन रशियाकडून हरलं आणि फिनलंड गमावून बसलं. सीमा नदीच्या मुख्य पात्रातून काढायची ठरली, पण तोर्निओ होतं त्या पात्राच्या पश्चिमेला. रशियाला गाव हवं होतं, म्हणून रेघ तेवढ्यापुरती वळवून बेटाच्या पलीकडून नेली. त्यामुळे आज नव्या माणसाची दिशाभूल होते. भली मोठी नदी ओलांडली की स्वीडन आलं असं वाटतं, पण ती नदी तोर्निओच्या आतच आहे. सीमा आहे ती पश्चिमेच्या अरुंद, दलदलीच्या पट्ट्यात. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून इथली जमीन अजूनही वर येते आहे, दरवर्षी सुमारे आठ मिलिमीटर, आणि त्यात बेटाचं बेटपण पश्चिमेकडून जवळजवळ संपलं. तेव्हा हेलसिंकीहून रात्रीच्या गाडीने येऊन तोर्निओ-इतॅइनेन स्थानकावर उतरलात तर स्वीडन लांब आहे. आधी नदी, मग गाव, मग सीमा.

हापारांडा धाकटं, आणि गेलेल्या गावाची भरपाई म्हणून वाढवलेलं. १८४२ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. पालिकेची सगळी वस्ती मिळून दहा हजारांच्या आत, तोर्निओच्या निम्म्याहून कमी. पण इमारती बघा. १९०० मधलं स्टाड्सहोटेल राजधानीत शोभावं असं आहे, १९१८ मध्ये पुरं झालेलं विटांचं रेल्वे स्थानकही तसंच. एवढ्याशा गावाला एवढं स्थानक कशाला, याचं उत्तर पहिल्या महायुद्धात आहे. पश्चिम युरोप आणि रशिया यांच्यात उघडी राहिलेली जमिनीवरची वाट ही. जखमी युद्धकैद्यांची अदलाबदल इथून झाली, आणि एप्रिल १९१७ मध्ये लेनिन पेट्रोग्राडला परतला तोही इथूनच. स्थानकावर रूळ नीट पाहा. स्वीडनचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४३५ मिलिमीटर, फिनलंडचा १५२४, म्हणून नदीवरच्या पुलावर दोन्ही गेजचे रूळ एकात एक घालून टाकले आहेत. लुलेओहून हापारांडाला प्रवासी गाडी १९९२ मध्ये बंद पडली होती, ती २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली.

आजचा पोटापाण्याचा फरकही दिसतो. तोर्निओ आउटोकुम्पूच्या पोलाद कारखान्यावर चालतं, स्टेनलेस स्टीलवर. पाळ्यांची नोकरी, सौना, लवकर जेवण. हापारांडा दुकानदारीवर चालतं. २००६ मध्ये इथे आयकिया उघडलं, जगातलं सर्वात उत्तरेचं म्हणून त्याचा गाजावाजा झाला, आणि नॉर्वेपासूनची गिऱ्हाइकं यायला लागली. दोन वर्षांनी सीमेला टेकून फिनलंडने 'रायाला' हा मॉल उभा केला. माझं प्रामाणिक मत विचाराल तर आयकिया सगळीकडे सारखंच, त्यासाठी अर्धा दिवस घालवू नका. त्यापेक्षा स्टाड्सहोटेलसमोरच्या चौकात बसून कॉफी घ्या आणि शेजारच्या टेबलांवरचं बोलणं ऐका. हापारांडात फिनिश सर्रास चालतं, एकाच वाक्यात दोन भाषा मिसळतात. तोर्निओत मात्र स्वीडिशवर विसंबू नका, तिथे फिनिश किंवा इंग्रजी.

६. पैसे आणि दुकानांच्या वेळा

तोर्निओत युरो, हापारांडात क्रोना. हापारांडातली बरीच दुकानं युरोही घेतात, पण दर त्यांचा असतो, म्हणून कार्डच वापरा. मशीनने "कोणत्या चलनात?" विचारलं तर नेहमी स्थानिक चलन निवडा. रोख रक्कम स्वीडनमध्ये कुणी फारशी हाताळतच नाही.

वेळेचा फायदा इथे उठवता येतो. तोर्निओतलं दुकान आठला बंद झालं तरी आठपर्यंत उघडं असणारं हापारांडातलं दुकान अजून तासभर चालू असतं. सकाळी उलटं, तोर्निओ तासभर आधी जागं होतं. अपवाद दारूचा. स्वीडनमध्ये साडेतीन टक्क्यांवरचं मद्य किराणा दुकानात मिळत नाही, त्यासाठी सिस्टेमबोलागेट हे सरकारी दारूचं दुकान गाठावं लागतं आणि ते शनिवारी तीनला बंद होतं, रविवारी उघडतच नाही. फिनलंडमध्ये २०२४ पासून आठ टक्क्यांपर्यंतची बिअर, सायडर साध्या किराणा दुकानातही मिळते. हापारांडातल्या दुकानांतून फिन लोक डबेच्या डबे भरून नेताना दिसतात तो स्नूस, म्हणजे ओठाखाली ठेवायची तंबाखू. युरोपीय संघात तिची विक्री फक्त स्वीडनमध्ये चालते. फिनलंडमध्ये नेण्यावर मर्यादा आहे, तेव्हा कुणा ओळखीच्याने "एवढं घेऊन ये" म्हटलं तर हसून नाही म्हणा.

७. कशासाठी जायचं

जुलैत गेलात तर नदीने पंधरा किलोमीटर वर कुक्कोला गाठा. तोर्ने नदीवर धरण नाही, त्यामुळे इथला धावता प्रवाह पुरता मोकळा आहे. मासेमार पाण्यात घुसवलेल्या लाकडी फळ्यांच्या मचाणावर उभा राहतो. हातात कित्येक मीटर लांबीची काठी, टोकाला जाळीची पिशवी. ती तो वरच्या अंगाला बुडवतो, प्रवाहाबरोबर तळाशी ओढत नेतो, उचलतो, झटकतो, पुन्हा बुडवतो. गळ नाही, आमिष नाही. मिळालेला सीका मासा उभा चिरून लाकडी काठीत ओवतात आणि निखाऱ्याशेजारी तिरका रोवून भाजतात. मसाला म्हणजे जाडं मीठ, बस. आपल्याकडच्या माणसाला पहिल्या घासाला फिकं वाटेल, दुसऱ्या घासाला वाटणार नाही. नदीच्या दोन्ही काठांवर एकाच नावाची वस्ती आहे, तिथेही तोच एक तास मधे.

गोल्फ खेळणाऱ्यांसाठी 'ग्रीन झोन' मैदान आहे, सीमेवर पसरलेलं. अठरा होलच्या फेरीत खेळाडू अनेकदा देश बदलतो, आणि एका ठिकाणी मारलेला चेंडू घड्याळाप्रमाणे तासाभराने उतरतो किंवा मारण्याआधीच पोचतो. खेळायची वेळ फिनलंडची धरतात, क्लबहाउस तिकडे आहे.

आणि ३१ डिसेंबर. आधी फिनलंडचे बारा वाजतात, फटाके उडतात, मिठ्या मारून होतात. मग लोक रमतगमत पलीकडे जातात आणि तासाभराने पुन्हा तेच. उणे वीसच्या थंडीत मधला तास बाहेर उभं राहणं शहाणपणाचं नाही, म्हणून आत बसायची जागा आधीच ठरवून ठेवा. हॉटेलं या रात्रीसाठी लवकर भरतात. परतीची गाडी कोणाच्या वेळेने आहे ते पहिल्या बाराच्या आधी तपासा, दुसऱ्या बारानंतर डोकं तेवढं चालत नाही.

निघताना रिकाम्या बाटल्या-डब्यांची पिशवी वेगवेगळी करा. दोन्ही देशांत अनामत परत मिळते, पण फिनलंडचा डबा स्वीडनच्या मशीनमध्ये चालत नाही आणि स्वीडनचा फिनलंडच्या. जिथे घेतला तिथेच द्यायचा.